तरंगतं शेवाळ की चिकटलेलं?

सांडपाणी शुद्ध करायला ते शेवाळावर सोडायचं हे ज्यांचं ठरलंय, जागा आहे, ऊन आहे आणि आता फक्त "रेसवे तलाव करू की उतरत्या पट्ट्या?" एवढ्यावरच ज्यांचं घोडं अडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. रेसवे म्हणजे पाणी गोल फिरवत ठेवून त्यात शेवाळ वाढवायचा उथळ तलाव, आणि पट्टी म्हणजे जाळीवर शेवाळ धरलेला उतार, ज्यावरून पाणी वाहतं. मी दोन्ही चालवलंय. आधी तीन वर्षं रेसवे, मग पट्ट्या. पट्ट्या अजून चालू आहेत, यावरूनच माझा कल कळला असेल. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण काही ठिकाणी मी आजही रेसवेच करायला सांगेन.

माझ्याकडचं पाणी मिश्र होतं. एका छोट्या वस्तीचं, प्राथमिक टाकीतून निवळून आलेलं मैलापाणी आणि शेजारच्या गोठ्याचं धुण्याचं पाणी. म्हणजे थोडं शहरी, थोडं शेतातलं. प्रयोगशाळेतल्या गाळलेल्या, मोजून मापून बनवलेल्या सांडपाण्याचा मला अनुभव नाही, आणि खरं सांगायचं तर त्या आकड्यांवर माझा फारसा भरवसाही नाही.

बंद नळ्यांचा, म्हणजे फोटोबायोरिॲक्टरचा पर्याय मी तुलनेत धरतच नाही. नळ्यांमध्ये शेवाळ लिटरमागे एक ते तीन ग्रॅम, कधी त्याहूनही दाट वाढतं, हे मान्य. पण सांडपाणी घातलं की काही आठवड्यांत नळीच्या आतल्या अंगाला हिरवट-तपकिरी साय धरते आणि ऊन आत जायचं थांबतं. वर प्रकाशसंश्लेषणातून सुटलेला ऑक्सिजन नळीत कोंडतो आणि शेवाळालाच बाधतो. एकाच जातीचं शुद्ध शेवाळ औषधासाठी किंवा रंगद्रव्यासाठी वाढवायचं असेल तर नळ्या ठीक. मैलापाणी मात्र स्वतःचे पाहुणे सोबत घेऊनच येतं. त्याला बंद नळीत घालणं म्हणजे गढूळ पाण्यासाठी काचेचं भांडं घासत बसणं.

तर उरले दोघं. एकात शेवाळ पाण्यात तरंगतं, दुसऱ्यात ते जाळीला चिकटून राहतं आणि पाणी वरून वाहतं. बाकी सगळे फरक या एका गोष्टीतून निघतात.

रेसवेबद्दल आधी चांगलं बोलतो, कारण ते त्याचं हक्काचं आहे. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात विल्यम ऑसवाल्ड यांनी 1950 च्या दशकात ही कल्पना मांडली, तेव्हाच तिचा गाभा पक्का होता. जिवाणू मैल्यातला सेंद्रिय माल खातात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. शेवाळ तो घेतं आणि ऑक्सिजन परत देतं. हवा मारायचं काम सूर्य करतो. नेहमीच्या ॲक्टिव्हेटेड स्लज केंद्रात, म्हणजे जिवाणूंच्या गाळात यंत्राने हवा सोडून मैलापाणी शुद्ध करतात तिथे, साधारण निम्मी वीज नुसती हवा मारण्यात जाते. इथे तीस-चाळीस सेंटिमीटर खोल पाणी आणि सेकंदाला वीस-पंचवीस सेंटिमीटर वेगाने ते फिरवत ठेवणारं एक पॅडलव्हील, म्हणजे पात्यांचं चाक, बस्स. पहिल्या उन्हाळ्यात दुपारी दोन वाजता मीटर पाण्यात घातला आणि विरघळलेला ऑक्सिजन संपृक्ततेच्या, म्हणजे हवेतून पाण्यात एरवी मावतो त्याच्या, दुप्पट दिसला. मीटर बिघडला असं समजून मी तो धुऊन पुन्हा घातला. आकडा तोच.

वासही गेला. आधी ज्या टाकीजवळून लोक नाक धरून जायचे, तिच्या पुढच्या तलावाला ओल्या गवताचा वास यायचा. अमोनियाची चाचणी केली की आलेल्या पाण्यात गडद रंग आणि बाहेरच्या पाण्यात जेमतेम छटा. मी खूश होतो. बघायला येणाऱ्यांना मी बाहेरच्या पाण्याचे अमोनियाचे आकडे दाखवायचो. ते पाणी मात्र दाखवायचो नाही.

कारण ते हिरवं होतं.

दोन-तीन महिने मी स्वतःची समजूत काढत होतो की हिरवं असलं तरी शुद्ध आहे. मग एक दिवस काचेच्या बरणीत आउटलेटचं पाणी भरून ती खिडकीत ठेवली. संध्याकाळी हिरवं. दुसऱ्या दिवशी हिरवं. तिसऱ्या दिवशी वरचं बोटभर पाणी जरासं फिकट झालं होतं, तळाला पातळ हिरवी साय होती आणि मधला सगळा भाग जसाच्या तसा. तलावानंतरच्या प्रत्यक्ष निवळण्याच्या टाकीत पाणी जेमतेम तीन-चार तास थांबायचं. बरणीत तीन दिवसांत जे निवळलं नाही, ते टाकीत तीन तासांत काय निवळणार?

यात शेवाळाचा दोष नाही, हा साधा भौतिकशास्त्राचा मामला आहे. क्लोरेलासारखी पाच मायक्रॉनची पेशी पाण्यापेक्षा जेमतेम जड असते. स्थिर पाण्यात ती दिवसाला पाच-सहा सेंटिमीटर खाली येते. शिवाय पेशींच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो, त्यामुळे त्या एकमेकींना ढकलत राहतात, गोळा होत नाहीत. आणि आपण त्यांना दिवसभर पॅडलव्हीलने फिरवत ठेवतो, म्हणजे ज्या तरंगण्यात तरबेज त्याच टिकतात. थोडक्यात, न बसणारं शेवाळ आपण स्वतःच निवडून वाढवत असतो.

आता हिशेब बघा, कारण माझं मन याच हिशेबाने बदललं. समजा आत येणाऱ्या पाण्यात लिटरमागे 40 मिलिग्रॅम नायट्रोजन आहे आणि बाहेरच्या पाण्यात विरघळलेला फक्त 6 उरलाय. कागदावर 85 टक्के काम झालं. पण त्याच बाहेरच्या पाण्यात लिटरमागे 300 मिलिग्रॅम शेवाळ तरंगतंय आणि शेवाळाच्या कोरड्या वजनात साधारण 8 टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे 24 मिलिग्रॅम पेशींमध्ये बसून तुमच्या डोळ्यांदेखत बाहेर चाललाय. एकूण 30. उरलेल्या 10 पैकी बराचसा अमोनिया होऊन हवेत उडालेला असतो, कारण दुपारी शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच साडेनऊ-दहाला जातो आणि 9.25 च्या वर गेला की अमोनियमपेक्षा अमोनिया वायूचं पारडं जड होतं. मग शुद्धीकरण नेमकं किती झालं? नायट्रोजनने नुसता अंगरखा बदलला. पुढे नदीत किंवा तळ्यात त्या पेशी मरणार, कुजणार आणि ऑक्सिजन खाणार. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजताना किती ऑक्सिजन खाते याचं माप, काढायची बाटलीसुद्धा अंधारात ठेवतात. अंधारात शेवाळ ऑक्सिजन देत नाही, घेतं, त्यामुळे हिरव्या पाण्याचा बीओडी आपली सगळी मेहनत पाण्यात घालवतो. ही म्हण इथे अक्षरशः लागू पडते.

तेव्हा रेसवे घेणं म्हणजे खरं तर दोन यंत्रणा घेणं. एक शेवाळ वाढवायची आणि दुसरी ते पाण्यातून काढायची. पहिलीची सगळे तारीफ करतात. रात्रीची झोप दुसरी उडवते.

मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे तुमचा वेळ वाचेल.

पहिली तुरटी. बरणीत जादू, तलावावर वैताग. सकाळी सातला जो डोस पुरायचा तो दुपारी तीनला निम्माही काम करायचा नाही, कारण पीएच चढला की तुरटीचं गणितच बिघडतं. ती सहा ते साडेसात पीएचच्या आसपास खुलते, आणि आमच्या पाण्याचा पीएच दुपारी दहावर. ढगाळ दिवशी पुन्हा वेगळा डोस. म्हणजे आकाशाकडे बघून तुरटी घालायची! शिवाय निघालेल्या गाळात ॲल्युमिनियम. तो शेतात टाकायचा तर त्यातला फॉस्फरस ॲल्युमिनियमने घट्ट धरून ठेवलेला, पिकाला सहजी मिळत नाही. ज्या खतासाठी हा उद्योग मांडला, त्यालाच कुलूप लागलं.

दुसरं, निसर्गावर सोडून पाहिलं. पाणी जड असेल, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर असेल, तर दुपारच्या चढ्या पीएचला त्यांचे क्षार साक्यासारखे बाहेर पडतात आणि शेवाळाला सोबत घेऊन बसतात. कडक उन्हाच्या काही दिवशी मी तीन वाजता पॅडलव्हील बंद केलं आणि पाच वाजता वरचा वीतभर थर आरशासारखा स्वच्छ मिळाला. असे दिवस आठवड्यात दोन यायचे, कधी एकही नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा.

तिसरा उपाय खरोखर चांगला आहे आणि रेसवेच करणार असाल तर तो कराच. बसलेल्या शेवाळातला काही भाग परत तलावात सोडायचा. वसाहती करून राहणाऱ्या जाती, म्हणजे पेडियास्ट्रम आणि सीनेडेस्मससारख्या, लवकर बसतात. पेशी किंवा तिचा गोळा दहापट मोठा असेल तर बसण्याचा वेग शंभरपट होतो. बसणाऱ्यांनाच परत बी म्हणून टाकत राहिलं की त्यांचं राज्य येतं. न्यूझीलंडमधल्या निवा या संशोधन संस्थेने यावर पुष्कळ काम केलंय. माझ्याकडेही हे पाच महिने छान चाललं. सूक्ष्मदर्शकाखाली पेडियास्ट्रमच्या त्या दातेरी चकत्या बघायला मी रोज सकाळी जायचो, चहा तिथेच व्हायचा.

मग सहावा महिना. सोमवारी तलाव गडद हिरवा होता. बुधवारी पोपटी. शुक्रवारी फिका चहा. थेंब काचपट्टीवर घेतला तर चकत्या जवळजवळ गायब आणि तोंडाशी चक्रं फिरवणारे रोटिफर, हे शेवाळ खाणारे सूक्ष्म प्राणी, इकडून तिकडे भरल्या पोटी चाललेले. त्यांचं पोट हिरवं दिसत होतं. गंमत अशी की त्या आठवड्यात आउटलेटचं पाणी कधी नव्हे इतकं स्वच्छ होतं आणि अमोनिया कधी नव्हे इतका वर. दहा-बारा दिवसांनी तलाव पुन्हा हिरवा झाला, पण आलं कोण? बारीक, सुटं, न बसणारं शेवाळ. पाच महिन्यांची निवड एका आठवड्यात धुऊन गेली.

सेंट्रिफ्यूजचाही विचार झाला होता. हजार लिटर पाणी फिरवायचं आणि हातात यायचं तीनशे ग्रॅम कोरडं शेवाळ. सौंदर्यप्रसाधनांसाठी विकणार असाल तर ठीक. मैलापाण्यासाठी मला ते डोंगर पोखरून उंदीर काढण्यासारखं वाटलं. दाबाखालची हवा सोडून शेवाळ वर तरंगवायची पद्धत, डीएएफ, मोठ्या केंद्रांवर नीट चालते असं जाणकार सांगतात आणि त्यांचं खरं असावं. तिलाही रसायन लागतं आणि डोस बघणारा माणूस लागतो. माझ्याकडे दोन माणसं होती आणि त्यातला एक मीच.

एवढं झाल्यावर पट्ट्यांकडे वळलो.

ही कल्पनाही नवी नाही. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर ॲडी प्रवाळांच्या बेटांवर काम करायचे. लाटांच्या माऱ्याखाली खडकावर आखूड शेवाळाची जी हिरवळ उगवते ती पाण्यातलं पोषण किती झपाट्याने ओढते, हे त्यांनी पाहिलं आणि 1980 च्या सुमारास आधी मोठ्या मत्स्यालयांसाठी आणि पुढे सांडपाण्यासाठी त्यावरून टर्फ स्क्रबर बनवला. एक-दोन टक्के ढाळ असलेली लांब पट्टी, तळाला प्लास्टिकचं लायनर, त्यावर जाळी. वरच्या टोकाला कलंडणारी बादली. ती भरली की उलटते आणि लाट खाली येते. पाणी जेमतेम बोटाच्या पेराएवढं खोल.

बी टाकावं लागलं नाही. दहा दिवसांत जाळीवर तपकिरी गुळगुळीत थर आला, ते डायाटम, हेही एक सूक्ष्म शेवाळच. मग त्यातून हिरवे धागे निघाले. कोणत्या जाती, किती टक्के, याचा मी पुढे नाद सोडला. इथे त्याने फरक पडत नाही, आणि ही रेसवेपेक्षा सगळ्यात मोठी सुटका आहे. जो चिकटतो तो राहतो, जो सुटतो तो वाहून जातो. निवड तुमच्या बाजूने चालते.

पहिली कापणी मला अजून आठवते. वरचं पाणी बंद केलं, पट्टी अर्धा तास निथळू दिली आणि फरशीचं पाणी ओढायच्या रबरी वायपरने वरून खाली ओढत आलो. वायपरपुढे हिरवा रगा गोळा होत गेला, ओल्या लोकरीसारखा, जड, लिबलिबीत. खालच्या टोकाला तो फावड्याने उचलून घमेल्यात टाकला. घमेल्यात! तीन वर्षं जे मला तुरटी, टाकी, पंप यांच्या आडून पातळ हिरव्या पाण्याच्या रूपात वाकुल्या दाखवत होतं, ते घमेल्यात बसलं होतं. रेसवेच्या पाण्यात शेवाळ शेकड्याला 0.03 भाग. घमेल्यातल्या रग्यात पाच ते दहा. म्हणजे दोनशे-तीनशेपट घट्ट, आणि त्यासाठी लागलं एक वायपर.

आउटलेटचं पाणी बरणीत भरून त्याच खिडकीत ठेवलं. काही तुटके धागे होते, ते तासाभरात तळाला गेले. वरचं पाणी फिकट पिवळसर, पण पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येईल इतकं नितळ. मोजमाप म्हणाल तर तिथेच माझा निर्णय झाला. प्रयोगशाळेचा अहवाल नंतर आला.

आता पट्ट्यांच्या कुरबुरी, कारण त्या आहेत आणि विकणारे सांगत नाहीत.

वीज गेली की काय होतं, हा पहिला प्रश्न विचारा. रेसवेचं पॅडलव्हील अर्धा दिवस बंद राहिलं तर फारसं बिघडत नाही. पट्टीचा पंप भर उन्हात दोन तास बंद राहिला तर शेवाळ वाळून पापड होतं. जाळीत रुतलेल्या बुडख्यांतून ते पुन्हा फुटतं, पण आठवडा जातो. मी दोनदा हा आठवडा भोगलाय. राखीव पंप आणि वर एक टाकी, हा पट्ट्यांच्या खर्चाचाच भाग समजा.

पंपाच्या विजेची भीती मात्र थोडी जास्तच घातली जाते असं मला वाटतं. एक घनमीटर पाणी दोन मीटर वर चढवायला सैद्धांतिकदृष्ट्या पाच-सहा वॉट-तास लागतात, पंपाची तूट धरून दहा-बारा. पाणी पंधरा-वीस वेळा फिरवलं तरी दीडशे ते अडीचशे वॉट-तास. नुसत्या पॅडलव्हीलपेक्षा हे जास्त आहे, नाकारत नाही. पण रेसवेच्या बाजूने हिशेब मांडताना शेवाळ काढायची वीज आणि रसायन लोक सोयीस्कर विसरतात, ती धरा आणि मग तुलना करा.

दुसरी कुरबूर कापणीची. दर सात ते चौदा दिवसांनी ती करावीच लागते. सुट्टी, लग्न, पाऊस, काही असो. पंधरवडा उलटला की थर जाड होतो, खालच्या अंगाला ऊन पोचत नाही, ते सडतं, आणि मग एका रात्री सगळी गोधडी सुटून आउटलेटच्या जाळीवर जाऊन बसते. एकदा मी ती जाळी अंधारात हाताने मोकळी केलीय. त्या वासाचं वर्णन करत नाही.

चिलटंही होतात. त्यांच्या अळ्या शेवाळात घर करतात. कापणी वेळेवर असेल तर त्यांचं फावत नाही, अळीची कोषावस्था पुरी होण्याआधीच ती घमेल्यात जाते. उशीर केलात तर शेजारी तक्रार करणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: कच्चं किंवा अर्धकच्चं मैलापाणी पट्टीवर सोडू नका. वरच्या दोन-तीन मीटरवर शेवाळ येतच नाही, करडी बुळबुळीत साय येते. ते जिवाणू, बीओडीवर पोसलेले. जिवाणू-शेवाळाची ती जुगलबंदी, जिच्यासाठी रेसवे प्रसिद्ध आहे, ती पातळ पट्टीवर रंगत नाही. पट्टी नायट्रोजन-फॉस्फरसची धनी आहे, मैल्याची नाही. तिच्या आधी काहीतरी हवं, साधा तलाव असो की ॲनारोबिक, म्हणजे हवेशिवाय मैला कुजवणारी, टाकी. माझ्याकडे जुना रेसवेच आता ते काम करतो, तोही अर्धाच, बाकीच्यात पावसाचं पाणी साठवतो.

पाण्याच्या प्रकारावरून निवड कशी बदलते ते सांगतो. सगळ्यात स्पष्ट निकाल लागतो तो शेतातून निचरून येणाऱ्या पाण्यात. ते भरपूर असतं, पातळ असतं, त्यात नायट्रेटच्या रूपात नायट्रोजन असतो पण सेंद्रिय कार्बन जवळजवळ नाही. तरंगत्या शेवाळाला तलावात चार ते आठ दिवस थांबवावं लागतं, नाहीतर ते वाढण्याआधीच धुऊन जातं. निचऱ्याच्या पाण्याला आठ दिवस थांबवायचं तर तलाव कुठवर खोदाल? चिकटलेल्या शेवाळाला ही अट नाही. पाणी कितीही जोरात जाऊ दे, शेवाळ जागेवर. वर रेसवेत कार्बन कमी पडतो, कारण द्यायला जिवाणू नाहीत, मग कार्बन डायऑक्साइड बाहेरून फुंकावा लागतो. पट्टीवर पातळ थर खळखळत जातो, हवेतून थोडाफार तरी मिळतो. फक्त तणनाशकांकडे लक्ष ठेवा. ॲट्राझिन, डाययुरॉनसारखी तणनाशकं नेमकी प्रकाशसंश्लेषणावरच घाव घालतात, आणि शेवाळ त्यांच्या दृष्टीने तणच आहे. फवारणीनंतरच्या पहिल्या पावसाचं पाणी बाजूला वळवायची सोय हवी. फॉस्फरसही बघा. शेवाळाला नायट्रोजन आणि फॉस्फरस वजनाने साधारण सातास एक लागतात. निचऱ्यात फॉस्फरस बहुधा अपुरा असतो, आणि तो संपला की नायट्रेट पाण्यातच राहतं, शेवाळ कितीही हिरवं दिसो.

गोठ्याच्या आणि बायोगॅसच्या मळीच्या पाण्यात दोन अडचणी: रंग आणि अमोनिया. काळपट-तपकिरी पाण्यात ऊन दोन-चार सेंटिमीटरच्या खाली जात नाही, म्हणजे तीस सेंटिमीटरच्या तलावात शेवाळ बहुतेक वेळ अंधारात फिरतं. पेरभर खोलीच्या पट्टीवर हा रंग तितका आडवा येत नाही. अमोनिया मात्र दोघांनाही मारतो. मळीत तो लिटरमागे हजार-दोन हजार मिलिग्रॅमपर्यंत आणि त्याहूनही वर असतो, सरळ सोडलात तर काहीच जगणार नाही. पातळ करायला पाणी लागतं. पट्टीवरून निघालेलं नितळ पाणी त्यासाठी परत वापरता येतं, मी तेच करतो.

शहरी मैलापाण्यात निवड खरी अवघड. इथे मी रेसवेला सहज मोडीत काढणार नाही. बीओडी उरलेला असेल, वीज बेभरवशाची असेल, आणि बाहेरचं पाणी कुठल्या नदीत न जाता सिंचनाला जाणार असेल, तर हिरवं पाणी हा प्रश्नच राहत नाही. उलट शेवाळातलं खत पिकाला मिळतं. शिवाय रेसवेत चार-सहा दिवस ऊन, चढा ऑक्सिजन आणि चढा पीएच यांच्या माऱ्यात रोगजंतू चांगले कमी होतात. पट्टीवर पाणी मिनिटांत खाली येतं, तिच्याकडून जंतुनाशाची अपेक्षा धरू नये. म्हणून सिंचन करायचं असेल तर रेसवे. नदी-तळ्यात सोडायचं असेल आणि निलंबित घन पदार्थांची, म्हणजे पाण्यात तरंगत राहणाऱ्या कणांची, मर्यादा डोक्यावर असेल तर मात्र आधी मागची तुरटीची गोष्ट आठवा.

जागेच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं करण्यासारखं मला फार दिसलं नाही. ऊन दोघांनाही तितकंच लागतं, आणि माणशी काही चौरस मीटर जागा नसेल तर दोघांचाही नाद सोडावा. थंडीत पट्टी जास्त कुरकुरते, पातळ पाणी रात्री लगेच गारठतं. तलाव ऊब धरून ठेवतो.

निघालेल्या शेवाळाचं काय करायचं? इंधनाचं स्वप्न मी कधी पाहिलं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने 1978 ते 1996 अशी अठरा वर्षं शेवाळाच्या तेलामागे घालवली आणि खनिज तेलाच्या भावापुढे ते काही उभं राहिलं नाही. पट्टीवरच्या रग्यात तर तेल कमी आणि राख जास्त, कारण डायाटमचं कवच वाळूसारखं सिलिकाचं, आणि वाहत आलेली माती धाग्यांत अडकते. त्यामुळे विकायला ते भारी नाही, कंपोस्टात घालायला उत्तम. शहरी पाण्यात कारखान्याचा अंश असेल तर जड धातू तपासल्याशिवाय शेतात घालू नका. शेवाळ त्यांनाही तितक्याच आवडीने धरून ठेवतं.

कुणाच्याही सांगण्यावरून ठरवण्याआधी, माझ्यासकट, एक करा. तुमचंच पाणी एका उघड्या टबात उन्हात ठेवा आणि दिवसातून चार-पाच वेळा ढवळा. शेजारी एका तिरक्या फळीवर जाळी ताणून मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने तेच पाणी वरून सोडत राहा. तीन आठवडे जाऊ द्या. मग दोन्हींचं पाणी दोन बरण्यांत भरा, खिडकीत शेजारी शेजारी ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. टबाच्या बरणीतलं पाणी निवळलेलं असेल तर तुमचं पाणी आणि तुमचं शेवाळ माझ्यापेक्षा नशीबवान आहे, रेसवे करा. तरीही ती बरणी अधूनमधून भरत राहा, विशेषतः सहाव्या महिन्यात.